आधी वायरीची जाडी बघा, सॉकेटं मग मोजा

वाचकाचं पत्र:

"आमचं घर कुडाळ तालुक्यात एका वाडीत आहे. जुनं, कौलारू. मागच्या पडवीत एकच प्लग पॉइंट. गणपतीला मुंबईहून भाऊ, वहिनी, मुलं आली की सगळा भार त्याच्यावर. गेल्या वर्षी एक्स्टेंशन बोर्डावर इंडक्शन शेगडी लावली आणि शेजारच्या सॉकेटात मसाल्याच्या वाटपासाठी मिक्सर. शेगडीची जाड पिन बोर्डात जाईना म्हणून कन्व्हर्टर लावला. थोड्या वेळाने जळका वास आला. बघितलं तर पांढरी पिन पिवळी पडलेली, वायर हाताला गरम. पण एमसीबी काही पडला नाही. विहिरीवर अर्ध्या एचपीची मोटर आहे, घरापासून पंचवीसेक मीटरवर. दोन वायरी जोडून, जोडावर टेप मारून तिची लाइन नेलेली आहे. यंदा गवत कापायचं मशीनही घेतलं. दुकानदार ३० मीटर वायर गुंडाळलेला एक्स्टेंशनचा ड्रम दाखवतो आणि म्हणतो, 'हा एकच घ्या, घरात-बाहेर सगळीकडे चालेल.' मुलगा म्हणतो, दहा सॉकेटं आणि मोबाइल चार्जिंगवाला बोर्ड ऑनलाइन मागवू. काय घ्यावं?"
– एक वाचक, कुडाळ

ताई, दुकानात जाण्याआधी एक काम करा. विहिरीकडे जाणारी ती टेप मारलेली वायर आजच काढून ठेवा. आधी घराचा मेन स्विच बंद करा, मग पिन उपसा, मग वायर गुंडाळा. दोन-चार दिवस पाणी शेंदून काढावं लागलं तरी चालेल. उन्हाने टेपचा गोंद सुटतो, पहिल्या पावसात त्याच्या कडेतून पाणी आत शिरतं आणि गवतात पडलेला तो जोड आजूबाजूच्या ओल्या जमिनीत करंट सोडायला लागतो. विहिरीवर आपण जातो ते अनवाणी किंवा झिजलेल्या चपला घालून, हात ओले असताना. शॉक लागून माणूस जागच्या जागी जातो तो बहुतेक अशाच ठिकाणी. म्हणून बाकी सगळं त्यानंतर.

आता तुमचा प्रश्न. ड्रम एकटा पुरणार नाही आणि दहा सॉकेटांचा बोर्ड तुमच्या कामाचा नाही. तुम्ही एका वस्तूबद्दल विचारलंय, पण तुमच्या घरी कामं तीन वेगवेगळी आहेत: पडवीतला स्वयंपाक, विहिरीची मोटर आणि खळ्यातलं, म्हणजे अंगणातलं, तात्पुरतं काम. यातल्या पहिल्या दोन कामांना एक्स्टेंशन वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक्स्टेंशन चार तासांच्या, फार तर चार दिवसांच्या गरजेसाठी असतं. जे दर वर्षी किंवा दर दिवशी लागणार आहे त्याला भिंतीत पक्का पॉइंट हवा.

गेल्या वर्षी नेमकं काय झालं ते आधी समजून घ्या, म्हणजे खरेदी करताना कुणी काहीही सांगितलं तरी तुम्हाला स्वतःला ठरवता येईल. आपल्याकडे घरात दोन मापांच्या पिना असतात. बारीक पिन ६ अँपिअरची, जाडी १६ अँपिअरची. जुने वायरमन अजून त्यांना पाच आणि पंधरा म्हणतात. इंडक्शन पूर्ण ताकदीवर साधारण २००० वॉट घेते. आपल्या २३० व्होल्टवर ते होतात जवळजवळ पावणेनऊ अँपिअर. म्हणून कंपनीने तिला जाडी पिन दिली. ती बोर्डात गेली नाही, ही त्या बोर्डाने दिलेली सूचनाच होती. कन्व्हर्टरने ती सूचना झाकली. त्यात साडेसातशे वॉटचा मिक्सर आला, की झाले बारा अँपिअर. सहाच्या पिनेतून बारा. वायरीतली आणि पिनेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. त्या चौपट उष्णतेनेच पिन पिवळी पडली. पिवळी पडलेली पिन सॉकेटात सैल बसते, सैल पिन ठिणग्या मारते, ठिणग्यांनी ती आणखी तापते. कन्व्हर्टर नावाची वस्तू घरात ठेवूच नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणि एमसीबी का पडला नाही? तुमच्याप्रमाणे पुष्कळांना वाटतं की एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित. एमसीबी म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. तो भिंतीतल्या वायरीची राखण करतो. तो १६ अँपिअरचा असेल तर १२ अँपिअरला त्याने पडायचं काही कारणच नाही. १८ अँपिअरसुद्धा तो तासभर सहन करू शकतो. बोर्डाची बारीक वायर त्याला दिसत नाही. ती वितळेपर्यंत तो शांत राहील. शेजारीपाजारी अजून किटकॅट फ्यूज, म्हणजे तार भरायचे जुने फ्यूज, असतील आणि त्यात कुणी जाड तार भरलेली असेल, तर तिथे एवढीही राखण नाही.

म्हणून बोर्ड घेताना सॉकेटं किती, रंग कोणता, यूएसबी आहे का, हे नंतर. पहिला प्रश्न वायरीच्या जाडीचा. दुकानात त्याला "स्क्वेअर एमएम" म्हणतात आणि वायरीच्या अंगावर ते छापलेलं असतं. वायर उजेडात धरून बोटाने फिरवत न्या. दर थोड्या अंतरावर कंपनीचं नाव, "३ कोअर" (म्हणजे आत फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन तारा), माप आणि आयएसआयची खूण दिसली पाहिजे. स्वस्त बोर्डांवर बहुतेक वेळा ०.७५ किंवा त्याहून बारीक वायर असते. तीन कोअरची ०.७५ची तांब्याची वायर साधारण ७ अँपिअर पेलते, दीडची १४ आणि अडीचची १९. तेही वायर मोकळी पसरलेली असताना. वायरीवर काहीच छापलेलं नसेल तर बोर्ड परत द्या, दुकानदार ओळखीचा असला तरी. बाजारात वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तारही तांबं म्हणून विकली जाते. वायरीचं टोक उघडं असेल तर तार नखाने किंवा पात्याने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली की समजा.

घरातल्या हलक्या कामासाठी, म्हणजे मोबाइल, टीव्ही, टेबलफॅन, मखराची रोषणाई एवढ्यासाठी, चार सॉकेटांचा, १ स्क्वेअर एमएम तीन कोअर वायरीचा, दोन-तीन मीटरचा बोर्ड पुरे. त्याची पिन ६ अँपिअरचीच असणार, म्हणजे सगळ्या सॉकेटांवरचं मिळून १३०० वॉटच्या आत ठेवायचं. एकेका सॉकेटावर तेवढं नव्हे, सगळं मिळून. मुलाला हेच समजावून सांगा. दहा सॉकेटांच्या बोर्डाचीही पिन एकच असते. सॉकेटं वाढली म्हणजे त्यात दहा वस्तू लावायचा मोह वाढला, ताकद नाही.

त्या ऑनलाइन बोर्डावर बहुधा तिरपी, आडवी, गोल, सगळ्या देशांच्या पिना जातील अशी सॉकेटं असतील. ती नकोत. सगळ्यांना जागा द्यायची म्हणून आतली पितळी पट्टी कुणालाच घट्ट धरत नाही, आणि घट्ट न धरणं हीच तर गेल्या वर्षीच्या जळक्या वासाची पुढची पायरी. आपली तीन भोकांची साधी सॉकेटं, शटरवाली, म्हणजे लहान मुलाने खिळा घातला तरी आत जात नाही अशी, तीच घ्या. आयएसआयच्या खुणेखाली "सीएम/एल" आणि पुढे लायसन नंबर असतो. मुलाच्या मोबाइलवर बीआयएस केअर ॲप घेऊन तो नंबर टाकायला सांगा. लायसन कुणाचं, कोणत्या वस्तूचं, हे तिथल्या तिथे कळतं. खुणेचा खोटा शिक्का मारणारे कमी नाहीत.

"स्पाईक गार्ड" लिहिलेलं असलं की लोकांना वाटतं आता काहीही लावा. स्पाईक गार्ड अचानक उसळलेल्या व्होल्टेजपासून टीव्हीला थोडं वाचवतो. जास्त भार लावलात तर त्याचा उपयोग नाही, आणि जवळ वीज पडली तर त्याचाही आणि टीव्हीचाही. मृगाआधीच्या आणि परतीच्या पावसात आभाळ गडगडायला लागलं की पिना उपसणं हाच खरा उपाय.

पडवीतल्या शेगडीसाठी स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट काढून घ्या. मीटरपासच्या बोर्डातून थेट अडीचची वायर, तिला स्वतःचा एमसीबी. हे काम लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्या आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात नको, कारण त्या दिवसांत कुणी मिळत नाही आणि मिळालाच तर घाईत करतो. खर्च चांगल्या ड्रमपेक्षा फार होणार नाही आणि पुढची कित्येक वर्षं वहिनी निर्धास्त वाटप काढतील.

आता मोटर. हिच्यावर जरा जास्त लिहितो. अर्ध्या एचपीची मोटर चालू असताना तीन-चार अँपिअरच घेते, म्हणून बारीक वायरीवर चालते असं वाटतं. पण सुरू होताना ती क्षणभर त्याच्या चार-पाच पट ओढते. पंचवीस मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन पन्नास मीटर तार. ०.७५च्या वायरीचा एवढ्या लांबीत विरोध होतो १.३ ओहम. सुरू होताना १८ अँपिअर धरले तर २३ व्होल्ट वायरीतच जिरले. संध्याकाळी लाइनला आधीच व्होल्टेज कमी असेल, तर मोटरीला जोर येत नाही, ती नुसती घुमते आणि घुमत राहिली की वाइंडिंग जळतं. मग आपण मोटरीला नावं ठेवतो. अडीचच्या वायरीवर हाच तोटा सातेक व्होल्टवर येतो.

म्हणून विहिरीला पक्की लाइन न्या: अडीचची, तीन कोअर, आर्मर्ड (म्हणजे धातूचं कवच असलेली) केबल, जमिनीत अडीचेक फूट खोल, वर वाळू आणि विटांचा थर. जांभ्यात एवढं खणणं जड जातं हे मला माहीत आहे. मग खांबांवरून नीट ताणून, पाइपातून न्या, पण झाडाला बांधून नको. विहिरीवर छपराखाली, पाणी न शिरणाऱ्या पेटीत, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच. मोटरीच्या अंगाला अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे का, ते तुम्ही स्वतः उभं राहून बघा. कितीतरी मोटरींची हिरवी तार पिनेत शिरण्याआधीच कापलेली असते.

अर्थिंगवर मात्र एकटं विसंबू नका. आपल्या जांभ्याच्या जमिनीत, त्यात उन्हाळ्यात, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. समजा त्याचा विरोध २० ओहमवर गेला आणि मोटरीच्या अंगात करंट उतरला, तर जमिनीत जाणार २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. सोळाचा एमसीबी त्याला पडणार नाही. मोटर चालत राहील आणि तिच्या अंगात करंट तसाच राहील. हे ओळखणारी एकच वस्तू आहे: आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरची. जाणारा आणि येणारा करंट ती सतत ताडून बघते आणि ०.०३ अँपिअरचा फरक पडला की निमिषात लाइन तोडते. गावात तिला ईएलसीबीही म्हणतात. मीटरच्या पुढे ती बसवा. तुमच्या सगळ्या यादीत एकाच गोष्टीला पैसे पुरणार असतील तर याला द्या, ड्रम पुढच्या वर्षी घ्या.

तिच्यावर "टी" लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा, खट्कन पडली पाहिजे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात धरले तर मात्र तिला काही कळत नाही, हेही लक्षात असू द्या. आणखी एक. भर पावसात जुन्या घरात ती सारखी पडायला लागते. भिंती ओल धरतात, वायरी झिरपतात. अशा वेळी कुणी वायरमन म्हणेल, "काढून टाकतो, डोक्याला ताप नको." त्याला काढू देऊ नका. ती पडतेय म्हणजे कुठेतरी खरंच करंट भिंतीत उतरतोय. एकेक सर्किट बंद करून कुठलं ते शोधायला लावा.

राहिलं खळ्यातलं काम: गवताचं मशीन, ड्रिल, गणपतीतली रोषणाई. यासाठी ड्रम घ्या, जरूर घ्या. दीडची तीन कोअर वायर, शक्य असेल तर रबरी आवरणाची, कारण साधं पीव्हीसी उन्हात कडक होऊन तडकतं. १६ची पिन, सॉकेटांना झाकणं आणि अंगावर "आयपी ४४" लिहिलेलं असावं, म्हणजे चहूकडून उडणारे शिंतोडे ते सहन करतं. पावसात उघड्यावर ठेवायला मात्र तेही नाही. जादा भार आला की तोडणारं बटण ड्रमवरच असलं तर उत्तम.

आणि ड्रमची एक सवय लावून घ्या. काम पाच मीटरवर असलं तरी वायर पूर्ण सोडायची. गुंडाळलेल्या तीस मीटर दीडच्या वायरीतून ८ अँपिअर गेले तर आत पन्नास वॉट उष्णता तयार होते, ०.७५ची वायर असेल तर शंभर वॉट, जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. वायर पसरलेली असेल तर ही उष्णता तीस मीटरभर हवेत जाते, जाणवतही नाही. गुंडाळलेली असेल तर वेढ्यांच्या मधोमध कोंडते आणि साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतच टिकाव धरतं. वरचा वेढा हाताला गार लागतो आणि आतले एकमेकांना चिकटलेले असतात. चांगल्या ड्रमवर म्हणूनच दोन आकडे लिहिलेले असतात, गुंडाळलेल्या वायरीचे वॉट वेगळे आणि सोडलेल्या वायरीचे वेगळे. तुमचा दुकानदार दाखवतोय त्याच्यावर ते आहेत का बघा.

गवताच्या मशीनला दोनच पिना असतील आणि त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर त्याला अर्थिंग लागत नाही, आतून दुहेरी इन्सुलेशन असतं. तरी ड्रमची वायर तीन कोअरचीच घ्या, कारण उद्या त्याच्यावर दुसरं काहीतरी लागणारच. कापताना वायर खांद्यावरून मागे सोडा, पुढे नाही. गवत ओलं असेल तर त्या दिवशी काम नको.

रोषणाईचा भार आता फारसा नसतो, एलईडीच्या माळा थोडक्यात भागतात. तिथे भीती पाण्याची आणि घासण्याची. खळ्यातल्या शेडचे पाइप लोखंडी, वर पत्रा. वायर पत्र्याच्या कडेवर घासली की अख्खी शेड करंटमध्ये येते आणि पोरं पाइप धरून गोल फिरत असतात. वायर पाइपाला बांधायचीच असेल तर मधे प्लास्टिकचा पाइप घाला. माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगतो त्या लाकडी चौकटीला, आंब्याचे टाळ, नारळ, कवंडळं बांधतो ते सगळं ओलं असतं. तिच्यावर २३० व्होल्टची माळ गुंडाळू नका. आरास करायचीच तर ॲडॅप्टरवर चालणारी १२ व्होल्टची पट्टी लावा आणि ॲडॅप्टर कोरड्या जागी, भिंतीवर ठेवा. खळ्यात माळ आणि वायर जिथे जोडली जाते ती जागा जमिनीवर नको, डोक्याइतक्या उंचीवर, पडवीच्या छपराखाली घ्या. आणि वायर जोडाच्या खाली थोडी लोंबू द्या, म्हणजे तिच्यावरून वाहणारं पाणी जोडात न शिरता त्या झोळातून खाली टपकेल.

एका बोर्डात दुसरा बोर्ड लावायचा नाही. वायर सतरंजीखालून किंवा दाराच्या फटीतून न्यायची नाही. हे तुम्हाला माहीत असेलच, पण पाहुणे आले की हे आधी मोडतं. म्हणून भावालाही वाचायला द्या.

खरेदीला निघण्याआधी घरापासून खळ्याच्या टोकापर्यंतचं अंतर पावलांनी न मोजता टेपने मोजा आणि त्यात तीन-चार मीटर धरून तेवढीच वायर घ्या. उगाच पन्नास मीटरची घेतली तर ती नेहमी अर्धी गुंडाळलेलीच राहील. आणि गेल्या वर्षीचा तो पिवळ्या पिनेचा बोर्ड माळ्यावर ठेवला असेल, तर खाली काढा आणि वायर पिनेपाशी कात्रीने कापून मग टाका, म्हणजे भंगारातून उचलून दुसरं कुणी तो पुन्हा लावणार नाही.